जुना आठ इंची टॅब्लेट, २ जीबी रॅम आणि लिनक्स: दोन महिने वापरून झाल्यावर

कपाट आवरताना जुन्या चार्जरांच्या गुंत्यात एक आठ इंची टॅब्लेट सापडला. अँड्रॉइडवाला नाही हं, हा खराखुरा कॉम्प्युटर आहे, विंडोज घेऊन आलेला, २०१४-१५ च्या सुमाराला असे छोटे टचस्क्रीनवाले कॉम्प्युटर ढिगाने निघाले होते बघा, त्यातलाच एक. आत इंटेलचा अ‍ॅटम झेड३७३५एफ, चार कोअर, १.३३ गिगाहर्ट्झ आणि फारच जोर लावला तर १.८३, २ जीबी रॅम जी वाढवता येत नाही, ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच चिकटवलेली साठवण, जी बदलता येत नाही, आणि अख्ख्या यंत्राला एकच मायक्रो यूएसबी भोक, चार्जिंग पण तिथूनच आणि पेनड्राइव्ह पण तिथेच. हे एक भोक पुढे किती छळणार आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

चार्ज केला, चालू झाला, मी अंघोळ उरकून आलो तरी ते टिंबांचं चक्र फिरतच होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, म्हणजे आमचं ध्यान दोन्हीकडे बरोब्बर निम्म्यावर. ताई म्हणाली, "टाकून दे ना आता, किती वर्षं जपणारेस." टाकवत नाही हो. स्क्रीनला एक ओरखडा नाही, वजन एखाद्या वहीएवढं, आणि बॅटरी अजून चार तास खेचते. म्हटलं विंडोजच्या जागी लिनक्स टाकून बघू, नाही जमलं तर आहेच कपाट.

ज्यांना सगळं वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगतो, चालतं. पण एक पेच आहे आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही: जो डेस्कटॉप (म्हणजे स्क्रीनवर दिसणारं विंडो-मेनूंचं आवरण) हलका असतो त्याला बोट कळत नाही, आणि ज्याला बोट कळतं तो २ जीबीत मावत नाही. दोन महिने मी या दोघांच्या मध्येच लोंबकळतोय.

आता सुरुवातीपासून. सगळे नवशिक्यांना सुचवतात तेच डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, मी आधी पेनड्राइव्हवर घेतलं, ओटीजी हब लावला, हबला पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड, आवाज कमी करायचं बटण दाबून धरून पॉवर दाबलं, बायॉसमध्ये, म्हणजे चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम उठू न देणारी कडी) बंद केलं, आणि बूट मेनूत पेनड्राइव्हच दिसेना. तीन पेनड्राइव्ह बदलले, हब बदलला, काही नाही. मग कळलं की भानगड वेगळीच आहे. या काळातल्या अशा बऱ्याच यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटचा असतो पण त्याला उठवणारं यूईएफआय मात्र ३२ बिटचं. नेहमीच्या ६४ बिट पेनड्राइव्हवर बूटएक्स६४ नावाची फाइल असते, आणि हे महाशय शोधत असतात बूटआयए३२. ती नसली की त्याच्या लेखी पेनड्राइव्ह कोराच. म्हणजे घरात माणूस आहे, पण हाक दुसऱ्याच नावाने मारतोय.

यावर लोक ती एक फाइल कुठूनतरी आणून पेनड्राइव्हवर डकवतात, चालतं म्हणे तेही, पण इन्स्टॉल झाल्यावर ग्रब (चालू होताना लिनक्सला उठवणारा प्रोग्राम) परत ६४ बिटचाच बसला की पुन्हा तीच रड. त्यापेक्षा ज्याला हे आधीपासून येतं तेच घ्यावं. फेडोरा नावाच्या डिस्ट्रोला आवृत्ती २७ पासून, म्हणजे २०१७ पासून, ३२ बिट यूईएफआयवर ६४ बिट सिस्टीम बसवता येते. डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोची १२ पर्यंत एक मल्टी-आर्क इमेज (पेनड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलरची फाइल) असायची तिच्यातही ३२ आणि ६४ बिट दोन्ही असायचं. मी डेबियन १२ ची ती इमेज घेतली, कारण १२ पासून त्यांनी वायफाय वगैरेचं फर्मवेअर, म्हणजे त्या चिपला चालवणाऱ्या फाइली, इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली आहे, आधी ते वेगळं शोधत बसावं लागायचं. पेनड्राइव्ह पहिल्या झटक्यात दिसला. इतका आनंद झाला की काय सांगू.

आनंद टिकला तो इन्स्टॉलर उघडेपर्यंत. कारण तो उघडला आडवा. म्हणजे टॅब्लेट आडवा धरला तर अक्षरं कुशीवर झोपलेली. या आठ इंचीवाल्यांचं पॅनल मुळात उभं असतं, ८०० बाय १२८०, विंडोज ते गुपचूप फिरवून दाखवायचं, आणि माझ्या इन्स्टॉलरला त्याचा पत्ता नव्हता. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅरामीटर देऊन कन्सोल फिरवता येतो हे मला नंतर समजलं. तेव्हा मी टॅब्लेट पुस्तकांच्या थप्पीला उभा टेकवला आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलो. टच अजून चालत नव्हता, हबला माऊस लावायला जागा नव्हती, त्यामुळे सगळं टॅब आणि एंटरवर.

आणि ते भोक. हब लावलेला असला की चार्जिंग होत नाही. म्हणजे इन्स्टॉल चालू झालं की बॅटरी संपायच्या आत उरकायचं, एखाद्या परीक्षेसारखं. सुरू केलं तेव्हा ९१ टक्के होती. ईएमएमसीवर पॅकेजं उलगडताना ती पट्टी ज्या वेगाने सरकते ना, तिच्याकडे बघू नये. संपलं तेव्हा ४० च्या खाली होती. कुणी करणार असेल तर नेटवरून कमीत कमी उतरवा, डेस्कटॉपचा टिक काढून नुसती बेसिक सिस्टीम बसवा, बाकी नंतर चार्जर लावून वायफायवरून निवांत. वायफाय चालतं. माझ्यातली चिप रियलटेकची ८७२३बीएस, तिचा ड्रायव्हर २०१७ पासून कर्नलमध्ये आहे, पासवर्ड टाकला आणि जोडलं गेलं, काहीच करावं लागलं नाही.

इथे मी एक शहाणपणा केला. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करू का विचारलं तर हो म्हटलं, टॅब्लेट आहे, हरवला बिरवला तर बरं. रीबूट केलं, चार्जर लावला, हब काढला, आणि समोर प्रश्न: डिस्कचा पासवर्ड टाका. कशाने टाकू? त्या टप्प्यावर ऑनस्क्रीन कीबोर्ड नसतो, सिस्टीम अजून उठलेलीच नसते. परत चार्जर काढा, हब लावा, कीबोर्ड लावा, पासवर्ड टाका, हब काढा, चार्जर लावा. दोन दिवस हे केलं आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने सगळं पुसून एन्क्रिप्शनशिवाय पुन्हा बसवलं. पुन्हा पुस्तकांची थप्पी, पुन्हा ती बॅटरी.

टच. हाच तर मुद्दा होता सगळ्याचा, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. काही यंत्रांत टचची अशी चिप असते की ती आपोआप ओळखली जाते, बसवलं की बोट चालू. माझ्यातली दुसऱ्या जातीची निघाली, म्हणजे चिपला स्वतःची अक्कल नाही, दर वेळी चालू होताना तिला एक फर्मवेअर फाइल भरवावी लागते, आणि ती फाइल प्रत्येक मॉडेलची वेगळी, वाटायची परवानगी नसल्यामुळे डिस्ट्रोत येत नाही. ती असते कुठे? तर मूळच्या विंडोजच्या ड्रायव्हर फोल्डरमध्ये. जो मी दोनदा पुसून बसलो होतो. तेव्हा प्लीज, हे एक करा, पुसायच्या आधी ते ड्रायव्हर फोल्डर अख्खं कॉपी करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. माझं नशीब की याच मॉडेलवर कुणीतरी आधी डोकं फोडून घेतलं होतं आणि त्याने काढलेली फाइल सापडली. कर्नलमध्ये तर अशा टॅब्लेटांची एक यादीच आहे, कुठल्या मॉडेलला कुठली फाइल आणि स्क्रीन किती बाय किती, एकेक नोंद कुणीतरी बसून केलेली. रेड हॅटमध्ये असताना हान्स द खूडे नावाच्या माणसाने या बे ट्रेल आणि चेरी ट्रेल (इंटेलच्या अ‍ॅटम प्रोसेसरच्या पिढ्या) यंत्रांवर वर्षानुवर्षं काम केलंय. जे टाकून द्यायचे टॅब्लेट आज चालतायत त्यातला मोठा वाटा अशा लोकांचा.

फाइल टाकली, रीबूट केलं, टच चालू! फक्त उलटा. वर डावीकडे बोट लावलं की खाली उजवीकडे क्लिक. गंमत म्हणून दहा मिनिटं तसंच वापरून बघा, डोकं गरगरतं, बंद करायचं बटण दाबायला जावं तर समोरच्या कोपऱ्यातलं काहीतरी भलतंच उघडतं. यूडेव्हमध्ये, म्हणजे लिनक्सच्या हार्डवेअर ओळखायच्या सेटिंगमध्ये, लिबइनपुटचा (टच सांभाळणारा भाग) कॅलिब्रेशन मॅट्रिक्स म्हणून एक ओळ असते सहा आकड्यांची, त्यात उणे एक, शून्य, एक, शून्य, उणे एक, एक असं टाकलं आणि बोट जागेवर आलं. मग ऑटो-रोटेट चालू केलं तर टॅब्लेट उभा केला की चित्र डोक्यावर उभं. सेन्सर कारखान्यात ज्या दिशेने चिकटवलाय त्याचाही असाच एक मॅट्रिक्स असतो, तो दुसऱ्या फाइलमध्ये. तेही झालं. ताई मागून बघत होती, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं पळताना दिसली तर म्हणे, "बिघडवलास ना शेवटी?"

डेस्कटॉप म्हणून आधी एक्सएफसीई टाकला, कारण २ जीबी म्हटल्यावर कुणीही तेच सांगेल. चालू झाल्यावर साधारण ४५० एमबी खातो, मेनू पटापट उघडतात, यंत्र एकदम दहा वर्षांनी तरुण. पण बोट लावून बघा. विंडो बंद करायची ती फुली आठ इंची स्क्रीनवर मसुराच्या दाण्याएवढी, तीनदा हुकते आणि चौथ्यांदा मोठं करायचं बटण दाबलं जातं. विंडोचा आकार बदलायची कड एक-दोन पिक्सेलची, ती बोटाने पकडता येतच नाही. राइट क्लिक नाही. स्क्रीन फिरवायला स्क्रिप्ट लिहा, स्क्रीन फिरली की टच आपोआप फिरत नाही, त्याची वेगळी स्क्रिप्ट. ऑनबोर्ड नावाचा कीबोर्ड चांगला आहे, पण तो नेमका ज्या चौकोनात लिहायचंय त्याच्यावरच येऊन बसायचा. फॉन्ट मोठे केले, थीम बदलली, आठवडाभर रेटलं. हा माऊसवाल्यांचाच डेस्कटॉप आहे, त्याचा काही दोष नाही, मी त्याला नको त्या कामाला लावला.

मग ग्नोम. आणि इथे पहिल्यांदा वाटलं की हां, हा टॅब्लेट आहे. वेलँडवर (स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत) चालतो, टॅब्लेट फिरवला की स्क्रीन फिरते आणि टचही तिच्याबरोबर फिरतो, खालच्या कडेवरून बोट वर सरकवलं की कीबोर्ड येतो, तीन बोटांनी सरकवलं की वर्कस्पेस बदलतं, बटणं बोटाच्या मापाची. दिसायलाही देखणा. पण चालू झाल्या झाल्या एक जीबीच्या आसपास गायब. फायरफॉक्स उघडला, त्यात दोन टॅब, आणि यंत्र विचारात पडतं. तुम्ही बोट लावता, काही होत नाही, परत लावता, काही होत नाही, आणि मग दोन्ही टॅप एकदम लागू होतात आणि जे उघडायचं होतं ते उघडून बंद पण होतं.

झीरॅमने बराच फरक पडला. रॅमचाच एक भाग दाबून, कॉम्प्रेस करून स्वॅप, म्हणजे रॅम भरली की लागणारी जादा जागा, म्हणून वापरायचा, म्हणजे ईएमएमसीवर स्वॅप करत बसावं लागत नाही, ती मुळातच हळू आणि लिहून लिहून झिजते ते वेगळंच. झेडएसटीडी ही दाबायची पद्धत लावून एक जीबीचा झीरॅम केला, फाइल शोधून ठेवणाऱ्या बॅकग्राउंड सेवा बंद केल्या, अ‍ॅनिमेशन बंद केली. आता तीन टॅबपर्यंत निभतं. चौथा उघडला की आपण आपल्या जबाबदारीवर.

तिसरा प्रयोग फॉशचा. हे मूळचं लिनक्स फोनसाठी केलेलं आवरण, प्युरिझमच्या लिब्रेम ५ साठी बनवलं, डेबियनमध्ये टॅब्लेटसाठीचं पॅकेज तयार मिळतं. फोनच्या मापाने बनवलेलं असल्यामुळे २ जीबीत बरं बसतं, ग्नोमपेक्षा शेदोनशे एमबी तरी वाचतात, आणि कीबोर्ड जास्त चलाख वाटला मला. त्याचा त्रास उलटा आहे. दोन विंडो शेजारी ठेवता येत नाहीत, सगळं पूर्ण स्क्रीन, आणि जी अ‍ॅप फोनच्या मापाला आकसत नाहीत त्यांची बटणं उभ्या स्क्रीनवर कडेच्या बाहेर जातात. सेव्ह बटण बाहेर गेलं की टॅब्लेट आडवा करायचा, सेव्ह दाबायचं, परत उभा करायचा. सवय झाली त्याची. सध्या वाचायला फॉश आणि बसून काही काम असलं तर ग्नोम, लॉगिनलाच निवडतो.

ब्राउझरबद्दल एक. जुन्या फायरफॉक्समध्ये बोटाने पान सरकवायला गेलं की मजकूर सिलेक्ट व्हायचा, त्याला वेलँडवर चाल म्हणून वेगळं सांगावं लागायचं. १२१ पासून तो आपणहून वेलँडवर चालतो आणि पान बोटाखाली नीट सरकतं, चिमटीने झूमही होतं. तुमच्याकडे जुना असेल तर आधी अपडेट करा आणि मग टचला शिव्या द्या.

व्हिडिओ म्हणाल तर या प्रोसेसरचं ग्राफिक्स एच.२६४ हा व्हिडिओ दाबायचा प्रकार स्वतः उलगडू शकतं, व्हीपी९ आणि एव्ही१ हे नवे प्रकार मात्र त्याला येत नाहीत, ते सगळं चार गरीब कोअरांवर पडतं. यूट्यूब बहुतेक वेळा तेच देतं, त्यामुळे ७२० वर सुद्धा चित्र अडखळतं आणि पाठ गरम होते. ब्राउझरमध्ये एच.२६४ च मागणारं एक्स्टेंशन टाकलं की ७२० गुळगुळीत. डाउनलोड केलेली फाइल एमपीव्ही प्लेयरमध्ये तर फारच छान.

बॅटरीचं संमिश्र आहे. वाचताना साडेचार तास मिळतात, मूळ सिस्टीमपेक्षा थोडे जास्तच. पण झोपवून ठेवला की खरा झोपत नाही, डोळे मिटून पडल्यासारखा पडतो. याला पूर्ण झोपेचा जुना प्रकार माहीतच नाही, हलक्या झोपेवर चालतो, आणि तीही माझ्याकडे नीट लागत नाही, रात्री ८० वर ठेवला तर सकाळी ६० ला. मी सरळ बंद करतो. चालू व्हायला पाऊण मिनिट लागतं, चालेल. बे ट्रेलवर लिनक्स मध्येच गोठतो आणि त्यासाठी सी-स्टेट (प्रोसेसर रिकामा असताना किती गाढ झोपतो ते) एकवर अडकवून ठेवा असं जुन्या सल्ल्यांमध्ये सापडेल, ते जुन्या कर्नलांच्या वेळचं आहे. माझ्या ६.१ वर दोन महिन्यांत एकदाही गोठला नाही, आणि तो पॅरामीटर टाकला तर बॅटरी वेड्यासारखी उडते, तेव्हा गरज पडल्याशिवाय टाकू नका. कॅमेरे दोन्ही मेलेले आहेत, मागचा आणि पुढचा, मी प्रयत्नही केला नाही. आवाज येतो. हेडफोन लावला की कधी कधी स्पीकरही वाजत राहतो, मग सेटिंगमध्ये हाताने बदलायचं.

त्या भोकाचा बंदोबस्त शेवटी ब्लूटूथ कीबोर्डने झाला. चार्जर लावलेला, कीबोर्ड हवेतून. मराठी लिहायचं असलं की कागापा फोनेटिक लेआउट लावतो, फॉन्ट नोटो आणि लोहित दोन्ही टाकलेत, जोडाक्षरं कुठे तुटत नाहीत. हे सगळं इथेच टाइप केलंय, त्यामुळे कुठे काना जास्त पडला असेल तर बोटांचा दोष, टॅब्लेटचा नाही.

वापर काय होतो म्हणाल तर नव्वद टक्के वाचन. फोलिएटमध्ये ईपब, पीडीएफ उभ्या स्क्रीनवर, आठ इंचात पानाचं पान झूम न करता वाचता येतं जे मोबाइलवर होत नाही. झोर्नल प्लस प्लसमध्ये पीडीएफवर खुणा करता येतात, बोटाने अक्षर मात्र कोंबडीचे पाय, रबरी टोकाचा साधा स्टायलस घ्या. आणि टर्मिनल उघडून दुसऱ्या मशीनवर एसएसएचने घुसायला हे यंत्र फार गोड आहे, तिथे २ जीबी म्हणजे ऐश. बँकेची कामं, व्हिडिओ कॉल, वीस टॅब उघडून बसणं, यासाठी कुणी विचारत असेल तर नका नादी लागू. आणि मुद्दाम असलं जुनं शोधून विकत घेऊन तर अजिबातच नको, घरात पडून असेल, दोन रविवार फुकट गेले तरी चालणार असतील, तरच. टच आपोआप ओळखला जाणारं मॉडेल असेल तर एकच रविवार पुरेल.

डेबियन १३ आलंय ९ ऑगस्ट २०२५ ला, त्यात ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केलाय, पण माझी बसवलेली सिस्टीम ६४ बिटचीच आहे, फक्त ग्रब ३२ चा, तेव्हा अपग्रेड होईल. अजून केलं नाही. परवा एक छोटा कर्नल अपडेट आला, रीबूट केलं तर आवाज गायब. पुन्हा रीबूट केलं, आवाज परत. का गेला आणि का आला ते बघायला लॉग उघडणार होतो, पण वाचत होतो त्या पुस्तकातलं प्रकरण अर्धं राहिलं होतं, ते संपवलं आणि झोपलो.